मोजून झालो, आता महिन्याची गोळी तरी मिळू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१९ जूनला जागतिक सिकलसेल दिन झाला. त्या दिवशी आमच्या गावच्या समाजमंदिरात शिबिर होतं, मांडव टाकला होता, माईक होता, लोकांना रांगेत उभं करून बोटाला सुई टोचून तपासणी चालली होती आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटोसकट बातमी पण आली. चांगलं आहे, तपासणी व्हायलाच पाहिजे, आमच्या लहानपणी झाली असती तर आमच्या घरातलं एक लेकरू कदाचित आज असतं, ते पुढे लिहिते. पण त्याच १९ तारखेला मी गावापासून ६० किलोमीटरवरच्या सरकारी हॉस्पिटलात औषधाच्या खिडकीसमोर दोन तास उभी होते आणि रिकाम्या हाताने परत आले, ते कुठे छापून आलं नाही, म्हणून हे पत्र लिहितेय. मोठं झालं तर कापा पण गोळीबद्दल जे लिहिलंय तेवढं ठेवा.

मी ३६ वर्षांची आहे, पूर्व विदर्भात धानाच्या पट्ट्यातली, घरी दोन एकर बांध्या आहेत आणि मी शिवणकाम करते. मला सिकलसेल आहे, एसएस पॅटर्न, म्हणजे आई आणि बाबा दोघांकडूनही आलेला. ज्यांना एकाकडूनच येतो ते एएस, वाहक, त्यांना सहसा काही त्रास होत नाही आणि तपासल्याशिवाय कळत पण नाही. दोन वाहकांचं लग्न झालं की प्रत्येक गरोदरपणात चारात एक चान्स असतो की लेकरू एसएस होईल. माझ्या आईबाबांची आम्ही तीन लेकरं, त्यात दोन एसएस.

आजार काय आहे ते मी बारावी सायन्सपर्यंत शिकल्यामुळे थोडंफार समजून घेतलंय. हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागेवर एक अमिनो आम्ल बदललेलं असतं, बस एवढंच, पण तेवढ्याने ऑक्सिजन कमी पडला की रक्तातली गोल पेशी वाकडी होते, आमच्या हातातल्या विळ्यासारखी, आणि कडक होते. अशा पेशी बारीक नसांमध्ये अडकतात आणि जिथे अडकतात तिथे रक्त पोचत नाही. तो जो दुखवा असतो तो मी शब्दात नाही सांगू शकत, बाळंतपण पण केलंय मी, तरी सांगते की हा दुखवा वेगळा आहे, हाड आतून कोणी पिळतंय असं होतं. साध्या माणसाची लाल पेशी साधारण १२० दिवस टिकते, आमची १० ते २० दिवस, म्हणून रक्त कायम कमी, डोळे कायम पिवळे आणि बाजारात गेलं की ओळखीपाळखीचा माणूस विचारतो काय वो बाई, कावीळ झाली का.

माझा मोठा भाऊ १९९६ मध्ये गेला, ९ वर्षांचा होता. ताप आला, छातीत दुखायला लागलं, दोन दिवसांत संपला. तोपर्यंत त्याला कावीळ कावीळ म्हणून झाडपाला देणं चालू होतं, हातपाय दुखतात म्हणून रडला की आई तेल लावून चोळून द्यायची आणि बाबा म्हणायचे शाळेत जायला नको म्हणून करतो. बाबा अजून ते वाक्य विसरले नाहीत. हा आजार तेव्हा कोणाला माहीत नव्हता असं पण नाही. १९१० मध्ये अमेरिकेत शिकागोला पहिल्यांदा सापडला, भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासी लोकांत सापडला आणि आमच्या बाजूच्या गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी ८० च्या दशकातच दाखवून दिलं होतं की इथल्या लोकांच्या रक्तात हा आहे. पण आमच्या घरापर्यंत ते नाव पोचायला २००६ उजाडलं, मी अकरावीत असताना कॉलेजमध्ये तपासणी झाली तेव्हा. रिपोर्ट हातात घेऊन आई पहिलं वाक्य बोलली ते हे की मग त्याला पण हेच होतं.

२०१२ पासून मी हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल घेते, ५०० ची, रोज एक. ही गोळी काही नवीन शोध नाही, अमेरिकेत १९९८ मध्येच मोठ्या माणसांच्या सिकलसेलसाठी तिला मंजुरी मिळाली होती. बाळ पोटात असताना त्याचं जे वेगळं हिमोग्लोबिन असतं ते या गोळीने परत वाढतं आणि त्यामुळे पेशी लवकर वाकत नाहीत. आपल्याकडे नागपूरला डॉ. दीप्ती जैन यांनी लहान मुलांना कमी डोस देऊन अभ्यास केला आणि कमी डोसचा पण फायदा होतो हे दाखवलं, आपल्या विदर्भातल्या पोरांवर झालेलं काम आहे ते, याचा मला अभिमान वाटतो. माझं सांगायचं तर गोळीच्या आधी वर्षाला सात-आठ वेळा क्रायसिस, म्हणजे तो दुखवा एकदम जोरात उठणं, यायचा, दर वेळी चार-पाच दिवस ॲडमिट. गोळी नियमित चालू असली की वर्षाला एक, फार तर दोन. सात-आठ आणि दोन यात काय फरक आहे ते ज्या घरात सिकलसेलचं माणूस आहे त्यांनाच कळेल.

आता अडचण सांगते. ही गोळी नियमित घेतली तरच उपयोग. आणि नुसती गिळून चालत नाही, तिने पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट खाली जाऊ शकतात म्हणून ठराविक दिवसांनी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी, करावी लागते आणि ती बघून डॉक्टर गोळी लिहून देतात. म्हणजे तीन गोष्टी एकाच दिवशी जुळल्या पाहिजेत, लॅब चालू पाहिजे, डॉक्टर पाहिजे आणि खिडकीवर स्टॉक पाहिजे. मागच्या दीड वर्षात माझ्या १४ फेऱ्या झाल्या, मी शिवणाच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवते, त्यातल्या फक्त ५ वेळा तिन्ही गोष्टी जुळल्या. कधी तपासणीच्या मशीनचं रसायन संपलेलं, सीबीसी नाही म्हणून डॉक्टर लिहून देत नाहीत आणि त्यांचं पण बरोबर आहे, रिपोर्ट न बघता ही गोळी कशी देतील. कधी रिपोर्ट झाला तर डॉक्टर ट्रेनिंगला किंवा व्हीआयपी ड्युटीला. आणि रिपोर्ट पण झाला, डॉक्टर पण भेटले, चिठ्ठी पण झाली की खिडकीवर फार्मासिस्ट चिठ्ठी बघतो, त्या गोळीच्या नावासमोर पेनने एनए, म्हणजे उपलब्ध नाही, असं लिहितो आणि फॉलिक ॲसिडची पुडी जाळीतून बाहेर सरकवतो. १९ जूनला हेच झालं. मी म्हटलं भाऊ मागच्या महिन्यात पण नव्हती. तो म्हणाला, ताई मी काय करू, वरूनच नाही येऊन राहिली, इंडेंट टाकलाय, म्हणजे मागणी पाठवलीय. तो खोटं बोलत नव्हता, त्याने मला रजिस्टर पण फिरवून दाखवलं. माझ्या मागे एक आजोबा होते नातीला घेऊन, गोंडी बोलणारे, त्यांना एनए म्हणजे काय ते कळलंच नाही, ते तिथेच बाकावर बसून राहिले की थोड्या वेळाने मिळेल. मी सांगितलं तेव्हा उठले. नात झोपलेली होती खांद्यावर, सुजलेले हात होते तिचे, लहान लेकरांना आधी हातापायालाच सूज येते या आजारात.

बाहेरून घ्या म्हणतात. तालुक्याच्या मेडिकलवाले ही गोळी ठेवत नाहीत कारण तिकडे कोणी मागत नाही, आणि ही रक्ताच्या कॅन्सरला पण देतात म्हणून एका दुकानदाराने मला सगळ्या गिऱ्हाइकांसमोर विचारलं, कॅन्सर कोणाला आहे. मग जिल्ह्याच्या गावाला मोठ्या मेडिकलमध्ये जायचं. गोळीचे पैसे एक वेळ जमवता येतात हो, पण त्याच्यासाठी दिवस जातो, माझा पण आणि सोबत यावं लागतं म्हणून नवऱ्याचा पण. एसटीमध्ये सिकलसेलच्या पेशंटला मोफत प्रवासाची सवलत आहे, ती मिळते, त्याबद्दल मी खरंच आभारी आहे. पण सोबतच्या माणसाचं तिकीट लागतं, जेवण लागतं आणि रोवणीच्या दिवसात एक माणूस वावरातून कमी झाला तर मजूर लावावा लागतो. त्यामुळे गोळ्या संपल्या तरी लोक जात नाहीत, एक दिवसाआड घेतात, मी पण घेतलीय, आणि मग दीड-दोन महिन्यांनी क्रायसिस येतो आणि तेव्हा पाच दिवस बेड अडवतो, सलाईन लागतं, कधी रक्ताची पिशवी लागते. एका महिन्याच्या गोळ्या वेळेवर दिल्या असत्या तर सरकारचा पण तो खर्च वाचला असता, हा हिशोब कोणी करत कसं नाही.

मोठ्या आजाराच्या योजना आपल्याकडे आहेत, महात्मा फुले योजनेत आता ५ लाखांपर्यंत उपचार होतात, पण ते मुख्यतः ॲडमिट झालं, ऑपरेशन झालं तर. माझ्या उजव्या खुब्याचं हाड रक्त न पोचल्याने मरत चाललंय, डॉक्टर म्हणाले पुढे कधीतरी बदलावं लागेल आणि ते योजनेत बसेल. बरं वाटलं ऐकून. पण घरी बसून रोज एक गोळी घेणारा जो पेशंट आहे, ज्याने ॲडमिट होऊ नये म्हणूनच सगळं चाललंय, त्याच्यासाठी ती खिडकीच आहे फक्त. जन्मभराचा आजार म्हणजे ९९ टक्के ओपीडी. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केस पेपरपासून सगळं मोफत केलं हा पण चांगला निर्णय आहे, मी त्याला नावं ठेवत नाही, फक्त जी गोष्ट कपाटात नाही ती मोफत असली तरी माझ्या हातात काय येणार.

आता मागच्या जानेवारीतल्या रात्रीचं सांगते. थंडी होती, थंडीत नसा आकसतात आणि आमचा त्रास वाढतो. रात्री ११ वाजता दोन्ही मांड्यांपासून सुरू झालं आणि एका तासात पाठ आणि छातीचं मधलं हाड. १०८ ला फोन केला, गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली होती, दीरांनी मोटरसायकलवर मधे बसवून नेलं, मागून नवऱ्याने धरून ठेवलं. कॅज्युअल्टीत एकच डॉक्टर, अगदी कोवळं पोरगं, त्याच वेळी एक सर्पदंश आलेला आणि एक दारू पिऊन डोकं फोडून घेतलेला. मी स्ट्रेचरवर. नवरा सांगत होता सिकलसेल आहे, कार्ड दाखवत होता. डॉक्टरांनी बोटाला ते ऑक्सिजनचं लावलं, बीपी बघितलं, म्हणाले सगळं नॉर्मल आहे, गॅस असेल, आणि एक इंजेक्शन लिहून दिलं. एक तास झाला तरी काही फरक नाही. मी ओरडत होते, मला आता लाज वाटते पण ओरडत होते. मग ते म्हणाले, जुना रेकॉर्ड बघितला, तुम्ही दर वेळी इंजेक्शनच मागता, सवय लागलीय का.

संपादक साहेब, मी त्या पोराला दोष देत नाही, त्याला त्या रात्री किती पेशंट होते मी डोळ्यांनी बघितलंय, आणि सकाळी ७ ला पण तोच होता, डोळे लाल झालेले. पण ते वाक्य मला अजून झोपू देत नाही. सिकलसेलचा दुखवा मशीनवर दिसत नाही, एक्स-रेवर दिसत नाही, पेशंटने सांगितलं तेवढाच पुरावा. इंग्लंडमध्ये डॉक्टरांसाठी लिहून ठेवलंय की सिकलसेलचा पेशंट दुखतंय म्हणून आला की अर्ध्या तासाच्या आत त्याला दुखणं थांबवायचं औषध द्यायचं. आपल्याकडे पण २०१४ मध्ये कायदा बदलून मॉर्फिनसारखी औषधं हॉस्पिटलांना ठेवायला सोपी केली. मग आमच्यासारख्या जिल्ह्यात जिथे गल्लोगल्ली सिकलसेल आहे तिथे कॅज्युअल्टीच्या भिंतीवर एक कागद का नाही की असा पेशंट आला तर आधी हे द्या, पाणी किंवा सलाईन द्या, अंग गरम ठेवा, इतक्या वेळाने परत विचारा, फरक नसेल तर पुढचं औषध हे. त्या कोवळ्या डॉक्टरला पण त्याचा आधार झाला असता. त्या रात्री मला खरा आधार दिला तो सिस्टरने. तिने कोणाला न विचारता दोन ब्लँकेट आणले, सलाईनच्या रिकाम्या बाटल्यांमध्ये कोमट पाणी भरून टॉवेलात गुंडाळून मांड्यांजवळ ठेवले आणि कानात म्हणाली, माझ्या बहिणीला आहे, मला माहीत आहे तू नाटक नाही करून राहिली. ती कंत्राटी आहे. आमच्या भागात घरोघरी फिरून सिकलसेलच्या लोकांची यादी ठेवणारी जी ताई आहे ती पण कंत्राटी, तिचा पगार कधी दोन महिने, कधी तीन महिने येत नाही आणि तरी ती स्वतःच्या स्कूटीत पेट्रोल टाकून येते.

लहान मुलांचं थोडं बरं आहे, बालरोगवाले बघतात, त्यांना लस, गोळ्या, सगळं समजावून देतात. पण ते लेकरू मोठं झालं की कुठे जायचं? मेडिसीनच्या ओपीडीत, तिथे दोनशेची लाइन, दर वेळी नवीन डॉक्टर, दर वेळी पहिल्यापासून सांगायचं. आम्ही जगलो, मोठे झालो, लग्न झाली, हे व्यवस्थेच्या हिशोबातच नव्हतं असं वाटतं कधीकधी.

अजून एक. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेलचं नाव आलं, थॅलेसेमिया आणि हिमोफिलियासोबत. त्यासाठी किती लोकांनी वर्षानुवर्षं चपला झिजवल्या. नागपूरचे संपत रामटेके यांना सिकलसेलच्या कामासाठीच २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली, आमच्यासारख्यांना त्यांचं नाव घरच्या माणसासारखं आहे. पण माझं सर्टिफिकेट टेम्पररी दिलं, मुदत संपली, आता परत बोर्डासमोर जायचं, परत तपासण्या. जन्मतःच रक्तात असलेला आजार मुदत संपली म्हणून बरा होतो का? त्या बोर्डाच्या लाइनीत मी माझ्यापेक्षा वाईट हालतीतली माणसं फरशीवर झोपलेली बघितली आहेत.

१ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला पंतप्रधानांनी सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं, १७ राज्यांत ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असं त्याचं लक्ष्य. निर्मूलन म्हणजे पुढे एसएस लेकरू जन्माला येऊ नये यासाठी लग्नाआधी तपासणी, गरोदर बाईची तपासणी, समुपदेशन. मला हे मनापासून पटतं. माझा नवरा नॉर्मल आहे म्हणून माझा मुलगा एएस आहे, वाहक, आणि त्याच्या लग्नाच्या वेळी मी आधी मुलीचा रिपोर्ट मागणार, पत्रिका नंतर. पण जे जन्माला येऊन बसले आहेत त्यांचं काय, २०४७ ला मी ५७ वर्षांची असेन, तोपर्यंत जगायचं तर मला दर महिन्याला ३० कॅप्सूल लागतात. जीन बदलायचा उपचार पण आता निघालाय, २०२३ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत मंजूर झाला, तिथे किंमत बावीस लाख डॉलर, आणि आपल्या शास्त्रज्ञांनी पण मागच्या वर्षी बिरसा मुंडांच्या नावाने स्वदेशी उपचार जाहीर केला, वाचून डोळ्यात पाणी आलं. तो माझ्या मुलाच्या पिढीपर्यंत तरी गावात पोचो. पण आज ज्या खिडकीत साधी कॅप्सूल पोचत नाही त्याच खिडकीतून तो पण यायचा आहे ना.

माझं मागणं फार मोठं नाही. ज्या तालुक्यात सिकलसेलचे जितके पेशंट यादीत आहेत तितक्या पेशंटच्या तीन महिन्यांच्या हायड्रॉक्सीयुरिया तिथल्याच ग्रामीण रुग्णालयात ठेवा, संख्या तर तुमच्याकडे आहे, आता तर घरोघर मोजून झालंय. ज्याची तब्येत आणि रिपोर्ट ठीक आहेत त्याला एका वेळी दोन-तीन महिन्यांच्या द्या, दहा दिवसांच्या देऊन परत बोलवू नका. सीबीसीचं रक्त पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रातच घेऊन पुढे पाठवा आणि रिपोर्ट मोबाईलवर टाका. कॅज्युअल्टीच्या भिंतीवर तो कागद लावा, मराठीत लावा, म्हणजे आमच्या माणसांना पण वाचता येईल. आणि स्टॉक संपला तर त्या ताईमार्फत एक मेसेज पाठवा की या आठवड्यात येऊ नका, म्हणजे कोणी लेकराला खांद्यावर घेऊन ६० किलोमीटर येऊन बाकावर बसून राहणार नाही.

हे लिहिता लिहिता पाऊस सुरू झालाय, पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, टाकून झाले, पंधरा-वीस दिवसांत रोवणी लागेल. पाण्यात दिवसभर वाकून उभं राहणं मला जमत नाही, मागच्या वर्षी एकच दिवस गेले होते आणि तिसऱ्या दिवशी ॲडमिट झाले. यावर्षी बांधावर बसून पऱ्ह्यांच्या पेंढ्या द्यायचं ठरवलंय, तेवढं करू दे म्हणून नवऱ्याच्या मागे लागले आहे. डब्यात ६ कॅप्सूल उरल्या आहेत. पुढच्या आठवड्यात परत खिडकीवर जाणार आहे, मिळाल्या तर तुम्हाला तेही कळवेन.

आपली,
एक सिकलसेल पेशंट,
पूर्व विदर्भ
(नाव-पत्ता कृपया छापू नये)